युद्धातले पाणी : एका विद्यार्थिनीस पत्र

लातूर

प्रिय विद्यार्थिनी,

सप्रेम आशीर्वाद.

युद्धग्रस्त प्रदेशांतील पाणीटंचाई आणि पर्यावरणाची हानी हा विषय तू प्रबंधासाठी निवडलास हे वाचून आनंद झाला. मराठवाड्यात वाढलेल्या मुलीने इतक्या दूरच्या मुलखांविषयी लिहिण्याचा अधिकार कोठून आणायचा, ही तुझी शंका मात्र मला पटली नाही. तो अधिकार तुला याच भूमीने दिला आहे, कारण युद्ध नसताना नुसता दुष्काळ काय करतो हे तू लहानपणापासून पाहत आली आहेस. सीरिया, येमेन किंवा सुदानविषयी लिहिणाऱ्यांची मोठी अडचण अशी असते की तेथे अवर्षण, बेसुमार उपसा, ढासळलेला कारभार आणि बाँबफेक ही सारी संकटे एकत्र कोसळलेली असतात, आणि त्यांपैकी कोणत्या संकटाने लोकांच्या तोंडचे पाणी पळवले याचा हिशेब लागत नाही. तो हिशेब वेगवेगळा मांडणे हेच तुझ्या प्रबंधाचे मुख्य काम असावे, असे मला वाटते.

२०१६ चा उन्हाळा आठव. मांजरा धरण कोरडे पडले होते, मार्चमध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचे कलम १४४ लागू करावे लागले होते, आणि एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेने पाणी येऊ लागले होते. त्या महिन्यांत लोकांनी जे सोसले ते मी हलके लेखणार नाही. पण तेव्हा मिरजेच्या पंपांना वीज होती, रूळ शाबूत होते, टँकरच्या फेऱ्यांची नोंद होत होती, पाण्यात जंतू मारणारी टीसीएल पावडर पडत होती, आणि वॉलमन पहाटे चावी फिरवायला निघाला तर तो सुखरूप घरी परतेल याविषयी त्याच्या बायकोच्या मनात शंका नव्हती. युद्ध सर्वांत आधी नेमके हेच हिरावून घेते. लातूरला नव्हते ते पाणी; सुदानच्या राजधानीत, खार्टूममध्ये मात्र एप्रिल २०२३ मध्ये लढाई पेटली तेव्हा निळी नाईल शहराला लागून वाहत होती, आणि तरीही बहरी येथील जलशुद्धीकरण केंद्र लढाईच्या पहिल्याच दिवसांत बंद पडल्यामुळे लाखो लोकांचे नळ कोरडे झाले.

म्हणून युद्धाचा पाण्यावरील परिणाम शोधताना केवळ फुटलेली धरणे आणि उद्ध्वस्त टाक्या शोधू नकोस. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने २०१५ मध्ये दीर्घकाळ चाललेल्या संघर्षांतील नागरी सेवांवर एक अहवाल काढला. त्यात थेट आघात, अप्रत्यक्ष परिणाम आणि साचत जाणारा परिणाम असे तीन प्रकार वेगळे केले आहेत, आणि माझ्या मते तिसरा प्रकार सर्वांत घातक आहे. पंपाचे बेअरिंग झिजते आणि निर्बंधांमुळे नवे मिळत नाही. क्लोरीन शस्त्र म्हणून वापरता येईल या भीतीने अडवले जाते. अनुभवी कर्मचारी देश सोडून जातो आणि त्याच्या जागी आलेल्या तरुणाला कोणता वॉल्व्ह कोणत्या मोहल्ल्याचा हे सांगायला कोणी उरत नाही. वीज चार तास येते, त्यामुळे नळवाहिन्यांतील दाब घटतो आणि फुटक्या सांध्यांतून सांडपाणी आत ओढले जाते. यांपैकी एकाही घटनेची बातमी होत नाही, पण येमेनमध्ये अशाच साऱ्या गोष्टी साचत गेल्या आणि २०१७ च्या अखेरीस तेथील संशयित कॉलरा रुग्णांची संख्या दहा लाखांवर गेली. युनिसेफने २०१९ मध्ये संघर्षग्रस्त देशांचा अभ्यास करून सांगितले की तेथील पाच वर्षांखालील मुले प्रत्यक्ष हिंसेपेक्षा अस्वच्छ पाण्यामुळे होणाऱ्या अतिसाराने दगावण्याची शक्यता वीस पटींहून अधिक आहे. हा आकडा तुझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर असायला हवा, कारण युद्धातील मृत्यू म्हणजे गोळीने किंवा बाँबने आलेला मृत्यू ही आपली समजूत त्याने मोडते.

थेट आघातांची उदाहरणे तुला सहज सापडतील, म्हणून त्यांपैकी एकाविषयीच लिहितो. ६ जून २०२३ रोजी युक्रेनमधील नीपर नदीवरचे काखोव्का धरण फुटले. त्या जलाशयात सुमारे १८ अब्ज घनमीटर पाणी मावत असे. आपले जायकवाडी पूर्ण भरले म्हणजे सुमारे २.९ अब्ज घनमीटर होते, तेव्हा सहा जायकवाड्या काही दिवसांत वाहून गेल्या असे समज. खालच्या अंगाची गावे बुडाली हे जगाने पाहिले. पण वरच्या अंगाला दक्षिण युक्रेनचे कालवे कोरडे पडले आणि झापोरिझ्झिया अणुवीज केंद्राच्या शीतकरणाचा मुख्य स्रोत गेला, याकडे लक्ष त्यामानाने कमी गेले. उघड्या पडलेल्या तळाच्या गाळात अनेक दशकांचे जड धातू साचलेले आहेत, आणि त्याच तळावर विलो आणि पॉप्लरच्या रोपांचे दाट रान उगवून आले. हे रान राखावे की धरण पुन्हा बांधावे, याविषयी तेथील शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. अशा ठिकाणी घाईने बाजू घेऊ नकोस. पर्यावरणाची हानी म्हणजे सगळीकडे उजाड होणे असे नेहमीच नसते, आणि जे हिरवे दिसते त्याखालची माती निर्धोक असतेच असेही नाही.

आता भूजलाकडे येतो. माझे सारे आयुष्य विहिरींच्या पातळ्या मोजण्यात गेले, त्यामुळे येथे थोडे सविस्तर लिहिले तर समजून घे. आपला काळा पाषाण पाणी थोडे साठवतो. जे काही असते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असते. त्यामुळे आपली विहीर लवकर आटते, पण एखादा चांगला पावसाळा झाला की ती भरूनही येते. २०१६ मध्येच उन्हाळ्यात कोरडे असलेले मांजरा धरण पावसाळ्याच्या अखेरीस भरले. त्यातून आपल्या मनात एक गृहीत खोल रुजले आहे की पाऊस पडला म्हणजे संकट सरले. आपल्याकडच्या हजार फुटांच्या बोअरच्या बाबतीतसुद्धा ते गृहीत खरे ठरत नाही, आणि तू ज्या प्रदेशांचा अभ्यास करणार आहेस तेथे तर ते मुळीच लागू पडत नाही.

गाझाचे उदाहरण घे. तेथील किनारी जलधराला, म्हणजे जमिनीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या थराला, दरवर्षी नैसर्गिकरीत्या मिळणारे पाणी साधारण पाच ते सहा कोटी घनमीटर, आणि उपसा त्याच्या जवळपास तिप्पट. गोडे पाणी उपसले गेले तशी समुद्राच्या पाण्याने ती जागा घेतली, वरून सांडपाणी झिरपले, आणि ऑक्टोबर २०२३ च्या आधीच तेथील ९५ टक्क्यांहून अधिक भूजल पिण्यास अयोग्य झाले होते. मग लोक खारे पाणी गोडे करणाऱ्या निक्षारीकरण केंद्रांवर विसंबले, आणि युद्धात वीज व इंधन तोडले जाताच तीही थंडावली. एकदा खारे पाणी जलधरात शिरले की ते मागे हटवायला कित्येक दशके लागतात. युद्धबंदी झाली म्हणून ते हटत नाही. कुवेतमध्ये १९९१ साली माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या. धुराची छायाचित्रे आजही सर्वत्र दिसतात, पण वाळवंटावर साचलेले तेल आणि आग विझवण्यासाठी वापरलेले समुद्राचे पाणी झिरपून त्या देशाचे रौदतैन आणि उम्म अल-ऐश येथील मोजके गोडे भूजल दूषित झाले, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

येमेनची गोष्ट आपल्यासाठी अधिक शिकण्यासारखी आहे. सना शहराच्या खोऱ्यात भूजलाची पातळी युद्धापूर्वीच दरवर्षी काही मीटरने खाली जात होती, आणि उपशातील मोठा वाटा कात नावाच्या नगदी पिकाचा होता (हा विड्यातला कात नव्हे; नशेसाठी पाने चघळतात ते झुडूप). २०१५ नंतर डिझेल मिळेनासे झाले तेव्हा शेतकऱ्यांनी सौरपंप बसवले. त्यात त्यांचा दोष नाही, त्या पंपांमुळेच अनेक घरांची चूल पेटली. परंतु डिझेलच्या खर्चामुळे उपशाला जो लगाम होता तो सुटला, आणि सूर्य असेपर्यंत पंप चालू ठेवायला काही अडचण राहिली नाही. विहिरींवर नियंत्रण ठेवणारे सरकारच दुभंगलेले असल्यामुळे विचारणारेही कोणी नव्हते. आपल्याकडे ऊस आहे, सौर कृषिपंप झपाट्याने वाढत आहेत, आणि भूजलाचा कायदा कागदावर आहे. ही तुलना तू अवश्य मांड, पण आपले संकट त्यांच्या संकटाएवढे आहे असे कुठेही सुचवू नकोस. आपल्याकडे तक्रार घेऊन जायला तहसील कार्यालय आहे.

कार्यकारणाच्या बाबतीत विशेष जपून राहा. २००६ ते २०१० च्या अवर्षणामुळे सीरियात यादवी पेटली, हे विधान तुला अनेक ठिकाणी इतक्या ठामपणे केलेले आढळेल की ते तसेच उचलण्याचा मोह होईल. अवर्षण तीव्र होते यात वाद नाही. पण कापूस आणि गव्हासाठी भूजल आधीच ओढून काढलेले होते, २००८ मध्ये सरकारने डिझेलवरचे अनुदान एकाएकी कमी केल्यामुळे शेतकऱ्यांचे पंप थांबले, आणि अवर्षणामुळे किती लोक गाव सोडून गेले यावर संशोधकांचे एकमत नाही. युद्धाचे खापर आकाशावर फोडले की निर्णय घेणारी माणसे सुटतात. इराकच्या दक्षिणेतील दलदलीचा प्रदेश तर १९९१ च्या उठावानंतर सद्दाम हुसेनच्या राजवटीने बांध घालून जाणूनबुजून सुकवला, आणि काही वर्षांत त्यातील सुमारे ९० टक्के भाग नष्ट झाला. २००३ मध्ये तेथील लोकांनी स्वतः बांध फोडले तेव्हा पाणी परतले, पण पूर्वीइतके नाही, कारण दरम्यान वरच्या अंगाला धरणे उभी राहिली होती. वरचे आणि खालचे हा झगडा नाशिक-नगर आणि जायकवाडीच्या लाभक्षेत्रातील माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. फरक इतकाच की आपला झगडा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आणि न्यायालयापुढे चालतो.

आपला मुलूखही एकेकाळी युद्धभूमी होता, हे विसरू नकोस. १६३० ते १६३२ च्या दख्खनच्या महादुष्काळात पाऊस तर दगा देऊन गेलाच, शिवाय शाहजहानच्या फौजा निजामशाहीवर चालून आलेल्या होत्या. धारूर पडले, परांड्याचा वेढा मात्र चाऱ्याअभावी उठवावा लागला. सैन्याच्या जनावरांना जेथे गवत मिळत नव्हते, तेथील कुणब्यांच्या बैलांचे काय झाले असेल याचा विचार कर. पुढे १६६५-६६ मध्ये मिर्झाराजे जयसिंग विजापुरावर चालून गेले तेव्हा आदिलशाहीने शहराभोवतीचे तलाव रिकामे केले आणि विहिरी निकामी केल्या. पाणी तोडून शत्रूला हटवण्याची युक्ती जुनीच आहे. युद्धाचे नियम घालून देणाऱ्या जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक करारातील कलम ५४ ने पिण्याच्या पाण्याच्या सोयी नष्ट करण्यास मनाई केली आणि कलम ५६ ने धरणांना संरक्षण दिले, पण भारतासह काही मोठ्या देशांनी तो पूरक करार स्वीकारलेला नाही. कायद्याचे प्रकरण लिहिताना हेही लिही.

कामाच्या पद्धतीबद्दल दोन गोष्टी. उपग्रहांवर विसंबताना त्यांची मर्यादा ओळख. गुरुत्वाकर्षणातील बदल टिपणाऱ्या ग्रेस उपग्रहांनी २००३ ते २००९ या काळात तैग्रिस-युफ्रेटिस खोऱ्याने सुमारे १४४ अब्ज घनमीटर पाणी गमावल्याचे दाखवले, आणि त्यातील सुमारे ६० टक्के भूजल होते. ही माहिती मोलाची आहे. पण तो उपग्रह शेकडो किलोमीटरचा प्रदेश एकत्र पाहतो, त्याला एखाद्या गावाचा आड दिसत नाही. आड दिसण्यासाठी तेथे राहिलेल्या माणसाशी बोलावे लागते: पंपचालक, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, दूर देशी निर्वासित झालेला अभियंता. त्यांच्याशी बोलताना आधी त्यांची सुरक्षितता पाहा. चालू असलेल्या विहिरीचा किंवा पंपघराचा नेमका ठावठिकाणा छापू नकोस, नावे झाक, आणि जी माहिती कोणत्याही एका पक्षाला नेम धरायला उपयोगी पडेल ती कितीही महत्त्वाची वाटली तरी बाहेर ठेव. मार्गदर्शकांनी आग्रह धरला तरी यात तडजोड करू नकोस.

पुढच्या पत्रासोबत प्रबंधाचा आराखडा पाठव. सगळे देश एकाच प्रबंधात कोंबण्याऐवजी सना आणि गाझा यांपैकी एक निवडावे असे माझे मत आहे, आणि अरबी शिकण्याची तुझी तयारी असेल तर मी सनाच्या बाजूने आहे. त्याआधी मात्र आपल्या तालुक्यातील निरीक्षण विहिरींच्या गेल्या दहा वर्षांच्या नोंदी भूजल सर्वेक्षणाच्या जिल्हा कार्यालयातून मिळव, आणि एका विहिरीचा पावसाळ्यापूर्वीचा व नंतरचा आलेख स्वतःच्या हाताने काढून मला दाखव.

तुझा शुभचिंतक,
एक निवृत्त भूवैज्ञानिक