घोड्यांच्या दवाखान्यात पशुवैद्यकाच्या मदतनिसाला नेमकं काय काम असतं?

सगळ्यात मोठं काम म्हणजे घोडा धरणं, आणि ते नुसतं दोरी पकडून उभं राहणं नव्हे. डॉक्टर ज्या बाजूला असतील त्याच बाजूला, घोड्याच्या खांद्याजवळ उभं राहायचं. तो बिथरला तर डोकं आपल्याकडे वळवता येतं आणि मागचे पाय डॉक्टरांपासून दूर जातात. मागे पडलेले कान, ताठलेलं अंग या खुणा आधी मदतनिसालाच दिसायला हव्यात, कारण डॉक्टरांची नजर जखमेवर असते. याशिवाय नाडी (प्रौढ घोड्याची विश्रांतीत मिनिटाला साधारण २८ ते ४४), ताप, श्वास यांची नोंद, लंगडेपणा तपासताना घोड्याला सरळ रेषेत दुडकवणं, पट्ट्या बांधणं, उपकरणं निर्जंतुक करणं. पोटशूळ झालेल्या घोड्यावर रात्रभर लक्ष ठेवणं मला सर्वांत मोलाचं वाटतं. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे जठर फुगलं तर ते फुटू शकतं आणि हाताशी वेळ फार थोडा असतो. मात्र रोगनिदान, औषध ठरवणं आणि शस्त्रक्रिया पशुवैद्यकाचीच. मदतनिसानं इंजेक्शन द्यावं की नाही, याचे नियम देशागणिक वेगळे आहेत.