तीन वर्षांनी जिम सुरू केली आणि आता जिना उतरता येत नाही. थांबू की रेटू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन वर्षांच्या खंडानंतर रविवारी जिमला गेलात, सोमवारी पाय जरा जड वाटले आणि मंगळवारी मांड्या अशा धरल्या की जिना उतरता येईना. ट्रेनर म्हणतो, रोज या, त्यानेच सुटेल. घरचे म्हणतात, आठ दिवस आराम करा. कोणाचं ऐकू?

दोघांचंही अर्धं-अर्धं. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ४६ व्या वर्षी, मी स्वतः हे भोगलंय. वडिलांच्या आजारपणात माझा व्यायाम पाच वर्षं सुटला होता. पहिल्याच दिवशी जुना हिशोब डोक्यात ठेवून बैठकांचे चार सेट मारले, वर लंजेस, म्हणजे एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवायचे. घरी येताना पाय अगदी मोकळे वाटत होते, म्हणून वाटेत दोन प्लेट तर्री-पोहेही हाणले. तिसऱ्या दिवशी सहकुटुंब रामटेकला जायचं आधीच ठरलेलं. अंबाळा तलावाकडच्या पायऱ्यांनी गड चढलो, पायांनी फारशी कुरकुर केली नाही. दर्शन झालं, उतरायला पहिलं पाऊल टाकलं आणि मांडीतून अशी कळ गेली की मटकन खालीच बसलो. शेवटी आधार धरून, तोंड गडाकडे करून, उलटा उतरलो. वानरं बघत होती, लेकीने व्हिडिओ काढला.

चढताना नाही आणि उतरतानाच का? उतरताना मांडीचा स्नायू ब्रेकचं काम करतो. शरीराचा भार तोलत तोलत तो लांबत जातो. बैठकेत खाली जाताना किंवा डंबेल सावकाश खाली आणतानाही तेच. सवय मोडलेल्या स्नायूला असं भाराखाली लांबावं लागलं की त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, मग तिथे सूज येते आणि नसा हळव्या होतात. ह्या सगळ्याला वेळ लागतो. म्हणून दुखणं १२ ते २४ तासांनी डोकं वर काढतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि साधारण आठवड्याच्या आत निघून जातं. तुमचं मंगळवारचं दुखणं अगदी वेळेवर आलंय.

आपण ह्याला ‘अंग आंबलं’ म्हणतो. शब्दच असा, की आत काहीतरी आंबट साचलंय असं वाटावं. जिममध्येही ‘लॅक्टिक अ‍ॅसिड जमा झालंय, काका’ हे ठरलेलं वाक्य. पण ते व्यायाम थांबल्यावर तास-दोन तासांत रक्तातून निघून जातं, मंगळवारी दुखायला उरतं कुठे? सपाटीवर जोरात पळणाऱ्याचं लॅक्टिक अ‍ॅसिड वाढतं, पण त्याचे पाय सहसा धरत नाहीत. उतारावर पळणाऱ्याचं फारसं वाढत नाही आणि तोच दोन दिवस लंगडतो. अमेरिकेत थिओडोर हफ ह्या संशोधकाने १९०२ मध्येच स्नायूच्या आतल्या बारीक इजेकडे बोट दाखवलं होतं. तेव्हा ‘अ‍ॅसिड काढून टाकणारी’ पावडर कोणी विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

झालेलं दुखणं पुसून टाकेल असं काहीच नाही, हे आधीच सांगतो. सुसह्य मात्र करता येतं. मला सगळ्यात जास्त फायदा झाला तो चालण्याचा. भल्या पहाटे नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठाने २० मिनिटं, सपाटीवर. पहिली पाच मिनिटं शिव्या आठवतात, मग पाय सुटतात. बसलं की पुन्हा आखडतात, पण तेवढा वेळ तरी बरं जातं. मालिशनेही थोडा फरक पडतो. आई कोमट तिळाचं तेल हलक्या हाताने लावून द्यायची. पाय तुडवून मात्र घेऊ नका, दुखऱ्या जागी आणखी दुखणं कशाला. थंड पाण्यात पाय बुडवून बसल्यानेही काहींना आराम पडतो, पण आपल्याकडे मे महिन्यात टाकीचंच पाणी उकळत असते, त्यामुळे मी शेकावर भागवलं. स्ट्रेचिंग हळुवार करा, पण त्याने ह्या दुखण्यात नावापुरताच फरक पडतो. पेनकिलर शक्यतो टाळा, निदान उपाशीपोटी आणि घामाने शरीर सुकलेलं असताना तरी नकोच. मूत्रपिंडावर ताण येतो.

खरी मेख पुढच्या वेळी आहे. एकदा धक्का बसलेला स्नायू काही आठवडे सावध राहतो. तोच व्यायाम पुन्हा केला तर दुखणं बरंच कमी होतं. आणि हे कवच मिळायला पहिला धक्का मोठाच हवा असं नाही, हलक्या व्यायामानेही ते मिळतं. माझी आई काटोलकडची, शेतकऱ्याची लेक. मला लंगडताना बघून म्हणाली, “चार महिने गोठ्यात बसलेल्या बैलाले पहिल्या दिवशी घंटाभरच जुंपते बापा. तू तं पूर्ण वावर वाहून आला.”

मग मी दुसऱ्यांदा अक्कल वापरून सुरुवात केली. पहिला आठवडा प्रत्येक व्यायामाचा एकच सेट, १० बैठका, वजन झेपेल त्याच्या निम्मं. ‘हे काय, काहीच नाही झालं’ असं वाटत असतानाच घरी जायचं. हे सगळ्यात अवघड, कारण शेजारचा पोरगा आरशात बघत ८० किलो उचलत असतो. दुसऱ्या आठवड्यात दोन सेट, चौथ्यापासून नेहमीसारखं. एकाच स्नायूला पुन्हा हात लावण्याआधी मधे दोन दिवस.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. लघवी चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, पाय खूप सुजले किंवा उचलताच येईनात, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. अतिव्यायामाने स्नायू जास्तच फुटले तर त्यातली द्रव्यं मूत्रपिंड बंद पाडू शकतात, आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की हा धोका वाढतो. एकाच पोटरीला सूज आणि गरमपणा, किंवा व्यायाम करतानाच ‘कट्’ करून आलेली कळ, हेही आंबणं नव्हे. तेही डॉक्टरांना दाखवा.

ह्यातलं काही नसेल तर उद्या जिमला जा, पण हात-खांद्यांचा हलका व्यायाम करून परत या. पायांना शनिवारपर्यंत फक्त चालणं. आणि तोवर घरात कमोड असेल तर तोच वापरा. मी तीन दिवस नळ धरून उठत होतो, चौथ्या दिवशी नळच हातात आला.