बायको रात्री शिफ्ट संपवून एकटी चालत घरी येते, तिच्यासाठी पेपर स्प्रे घ्यावा, स्टन गन घ्यावी की चाकू?

दादा, तुमचा प्रश्न मला समजला तो असा की वहिनी पुण्यात खराडीला ऑफिसात दुपारची शिफ्ट करतात, कंपनीची कॅब रात्री अकरा-साडेअकराला मेन रोडला सोडते, तिथून आतल्या रस्त्याने दहा मिनिटं एकटीने चालत यावं लागतं, अर्ध्या रस्त्यात लाईट नाही आणि तुमची नाईट असते म्हणून घ्यायला जाता येत नाही. माझी बायको स्टाफ नर्स आहे, इव्हिनिंग ड्युटी करून रात्री उशिरा स्कूटीवर घरी येते त्यामुळे हा विषय आमच्या घरात भरपूर घोळून झालाय. आणि मी प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे म्हणून स्टन गनबद्दल जरा जास्त बोलेन.

आधी सरळ उत्तर देतो. पेपर स्प्रे घ्या, एक नाही दोन घ्या, आणि जोडीला पिन ओढली की किंचाळणारा छोटा पर्सनल अलार्म घ्या. स्टन गन नको, चाकू तर अजिबातच नको. आणि तुम्ही एकट्याने ऑर्डर करून वहिनींच्या हातात देऊ नका, त्यांना सोबत बसवून त्यांनाच निवडू द्या, कारण हात त्यांचा आहे, पर्स त्यांची आहे आणि वेळ आली तर तुम्ही तिथे नसणार. नवऱ्याने काळजीने आणलेली आणि बायकोने कधीच न उघडलेली वस्तू पर्सच्या तळाला पडून राहते, मी अशा पर्स बऱ्याच बघितल्यात, हॉस्पिटलमधल्या निम्म्या सिस्टर्सकडे स्प्रे आहे पण काढून दाखव म्हटलं तर डबा, छत्री, मोबाईलचा चार्जर, सगळं बाहेर काढावं लागतं.

आता स्टन गन. ऑनलाइन टॉर्चच्या आकाराची मिळते, त्यावर लिहिलेलं असतं पन्नास लाख व्होल्ट, कोटी व्होल्ट वगैरे. हे आकडे खोटे आहेत आणि ते घरबसल्या कळतं. हवेत एक सेंटिमीटरची ठिणगी पडायला ढोबळमानाने ३० हजार व्होल्ट लागतात, त्या टॉर्चच्या दोन टोकांमधलं अंतर दोन-तीन सेंटिमीटर असतं, म्हणजे व्होल्टेज लाखभराच्या आसपास जायच्या आधीच ठिणगी पडून मोकळी होते, पन्नास लाखांपर्यंत ते चढायचा प्रश्नच येत नाही. शिवाय नुसत्या व्होल्टवरून माणूस थांबेल की नाही ते कळत नाही, करंट किती जातोय आणि किती वेळ जातोय त्यावर ते ठरतं. आवाज मात्र भारी येतो, तडतड तडतड, त्यामुळे दुकानात बघणाऱ्याला वाटतं काय जबरदस्त वस्तू आहे. खरी अडचण वेगळीच आहे, ही गोष्ट समोरच्याच्या अंगाला टेकवावी लागते आणि नुसती टेकवून भागत नाही, काही सेकंद दाबून धरावी लागते. म्हणजे ज्या माणसापासून लांब पळायचंय त्याच्या हाताच्या टप्प्यात जाऊन उभं राहायचं, तो हात झटकणार, पिरगाळणार, हिसकावून घेणार. थंडीत जाड जॅकेट असेल तर मग काही खरं नाही. आणि चार्जिंग, महिनोन्महिने न वापरलेल्या वस्तूची बॅटरी नेमकी त्या दिवशी भरलेली असेल हे कोण सांगणार. परदेशी व्हिडिओत तार सुटून लांबच्या माणसाला पाडणारी जी टेसर दिसते ती वस्तू वेगळी, ती आणि ही एक समजू नका.

चाकूचं तर मी एवढंच म्हणेन की तो हिसकावला गेला तर आपल्यावरच येतो. २०१३ मध्ये मुंबईत एका पक्षाने बायकांना चाकू वाटले होते तेव्हाही मला ते पटलं नव्हतं. कितीही घाबरलेल्या बाईला समोरच्याच्या पोटात चाकू खुपसायला हात धजत नाही, आणि धजला तर पुढे कोर्टकचेरी मागे लागते ती निराळीच. मांजराच्या कानासारखं टोकदार किचेन, जाड पेन, हेही सगळं जवळ जाऊन मारायचं काम आहे. लोकलच्या गर्दीत अंगचटीला येणाऱ्याला सेफ्टी पिन टोचणं वेगळं आणि सामसूम रस्ता वेगळा.

आणि आई-आजी सांगतात ती मिरची पूड पुडीत बांधून न्यायची, ती पण नको. पूड सुटी उडते, वारा आपल्याकडे असेल तर आपल्याच डोळ्यात येते, आणि अंधारात पुडी उघडणार कधी. स्प्रेमध्ये मिरचीचा तेलकट अर्क असतो, ओलिओरेझिन कॅप्सिकम म्हणतात त्याला. तो चेहऱ्यावर बसला की डोळे आपोआप मिटतात, खोकला सुटतो, छाती भरून येते आणि हे साधारण अर्धा-पाऊण तास टिकतं. सहसा माणूस मरत नाही, कायमचा आंधळा होत नाही, पण मागे धावू शकत नाही आणि आपल्याला तेवढंच पाहिजे.

स्प्रे घेताना फवारा कसा येतो ते बघा. काही स्प्रे ढगासारखे पसरतात, नेम धरावा लागत नाही पण वारा उलटा असेल तर आपल्यालाही प्रसाद मिळतो. काही पिचकारीसारखी सरळ धार मारतात, लांब जातात, वाऱ्याचा त्रास कमी पण चेहऱ्यावर नेम पाहिजे. जेलचा पण प्रकार असतो, तो चिकटतो आणि हवेत फारसा उडत नाही. उघड्या रस्त्यावर चालणाऱ्या बाईला मी धारवाला किंवा मिळाला तर जेलवाला सांगेन. डब्यावर रेंज लिहिलेली असते, सहा ते दहा फूट, त्यातले सहाच धरा. लिपस्टिकच्या आकाराचे गोंडस डबे येतात ते घेऊ नका, त्यात दोन दाबांत संपून जातं, साधा मुठीत मावणारा ३५ ते ५५ एमएलचा डबा बरा. किंमत दोनशे ते पाचशेच्या घरात, मेडिकलमध्येही मिळतो, आपल्याकडे त्याला लायसन लागत नाही. आणि झाकण बघा, फार महत्त्वाचं आहे हे. काहींना नुसतं वर टोपण असतं, ते काढायला दुसरा हात लागतो. ज्यात अंगठा पट्टीखाली सरकवला की लगेच बटण लागतं तसला घ्या. माझ्या बायकोने दुकानात तीन-चार डबे मुठीत धरून बघितले, हात लहान आहे तिचा, दोन डब्यांवर अंगठा बटणापर्यंत नीट पोचेना, तिनं ते बाजूला सारले आणि चौथा उचलला, मला तो डबा दिसायला काहीच विशेष वाटला नव्हता पण तोच बरोबर होता.

दोन का घ्यायचे, तर एक मारून बघायला. मोकळ्या मैदानात जा, पहाटे किंवा रात्री, आसपास माणूस-कुत्रं नको, वारा पाठीमागून येईल असं उभं राहा आणि एखाद्या भिंतीवर किंवा पुठ्ठ्यावर चेहऱ्याच्या उंचीला मारायला सांगा. तर्जनीने नाही, अंगठ्याने दाबायचं, मूठ घट्ट राहते आणि कोणी ओढला तर डबा सहज सुटत नाही. दुसरा हात पुढे, अंतर राखायला. एका जागी नुसतं मारत उभं राहायचं नाही, एक सेकंद डोळ्यांच्या रेषेत आडवी धार मारायची आणि मारता मारता बाजूला सरकून पळायचं, परिणाम झाला का बघायला थांबायचं नाही, कारण दारू प्यायलेल्या माणसाला लागायला कधी कधी वेळ लागतो. आणि ओरडायचं. आमच्या हिला ओरडणंच सगळ्यात अवघड गेलं, हॉस्पिटलमध्ये हळू बोलायची सवय, आवाजच फुटेना, ते पण चार वेळा करून घेतलं. मारून बघितलेला डबा रोजच्या वापराला ठेवू नका, तोंडाशी अर्क सुकून अडकतो आणि गॅस हळूहळू निघून जातो. दुसरा, न वापरलेला, तो रोजचा.

चुकून आपल्या डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही, उघड्या हवेत यायचं आणि भरपूर थंड पाणी मारत राहायचं, लेन्स असतील तर हात साबणाने धुवून आधी त्या काढायच्या. वहिनींना किंवा घरात कोणाला दमा असेल तर हे सगळं आधी डॉक्टरांशी बोलून घ्या. लहान मुलं असतील तर घरी आल्यावर डबा वरच्या कप्प्यात.

रोजचा डबा पर्समध्ये नाही, कॅबमधून उतरायच्या आधीच हातात. ओढणी, जॅकेटचा खिसा, जिथे हात नेहमी असतो तिथे, तो अंधारा पट्टा संपेपर्यंत हातातच. यात लाजायचं काही नाही. अलार्म पर्सच्या पट्ट्याला बाहेरून लावायचा, पिन ओढली की १२० डेसिबलच्या वर आवाज करतो म्हणतात, माझ्याकडे मीटर नाही पण आमच्या मजल्यावरचे सगळे दरवाजे उघडले होते. तुमच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना सोसायट्या आणि वॉचमन असतील तर मी अलार्म पहिला म्हणेन, स्प्रे दुसरा. नुसती शेतं आणि प्लॉटिंग असेल तर उलट.

स्प्रे कुठे चालत नाही तेही वहिनींना आधीच सांगून ठेवा. हेल्मेटची काच खाली असलेल्या माणसावर उपयोग नाही. बाईकवरून मागून येऊन मंगळसूत्र ओढणारे दोन सेकंदात गेलेले असतात, तिथे स्प्रे काढू नये आणि मागे धावू तर मुळीच नये, रात्रीचं सोनं घरी ठेवावं हा त्यावरचा उपाय. चालत्या स्कूटीवरून मारला तर वाऱ्याने आपल्याच तोंडावर. बंद कॅबमध्ये मारला तर फोडणीत मिरची जळाल्यावर सगळं घर खोकतं तसं होतं, तिला पण दिसणार नाही आणि गाडी चालू असेल तर ड्रायव्हरला पण नाही. कॅबमध्ये फोन. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर बटण भराभर पाच वेळा दाबलं की इमर्जन्सी लागतं, सेटिंगमध्ये जाऊन ते चालू आहे का आणि नंबर कोणाचा टाकलाय ते आजच बघा. नंबर ११२, पोलीस, ॲम्ब्युलन्स सगळ्याला तोच. आणि व्हॉट्सअॅपचं लाइव्ह लोकेशन कॅबमध्ये बसतानाच आठ तासांवर टाकून द्यायचं, रोज. तुम्ही कामात असाल आणि बघायला जमणार नसेल तर बहीण, शेजारच्या काकू, जे जागे असतील त्यांना.

कायद्याचं पण सांगतो. स्वसंरक्षणाचा हक्क आहेच, आधी भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. धोका समोर असला पाहिजे आणि बचावाला लागेल तेवढंच बळ वापरायचं, हा त्यातला मुद्दा. पार्किंगच्या भांडणात, शेजाऱ्याशी वाद झाला म्हणून स्प्रे मारला तर तो बचाव धरत नाहीत, २०२४ मध्येच कर्नाटक हायकोर्टाने अशा एका जागेच्या वादातल्या प्रकरणात जिवाला तसा धोका नव्हता म्हणून पेपर स्प्रे मारणाऱ्यांवरची केस रद्द करायला नकार दिला. म्हणून कधी वापरावा लागलाच तर सुरक्षित जागी पोचल्यावर ११२ ला फोन आपणच आधी करायचा आणि काय झालं ते सांगायचं, समोरचा आधी पोचायला नको. आणि विमानाने जाताना डबा घरी ठेवा, केबिन बॅगेत चालत नाही आणि चेक-इन बॅगेतही नाही.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीये ते. कॅब मेन रोडला का सोडते? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईकडून काम करून घ्यायचं असेल तर तिची संमती पाहिजे, तिच्या सुरक्षेची सोय पाहिजे आणि ऑफिसपासून घराच्या दारापर्यंत गाडी पाहिजे असं आहे. दारापर्यंत, मेन रोडपर्यंत नाही. २००७ मध्ये पुण्यात बीपीओत काम करणाऱ्या एका मुलीला कंपनीच्या कॅबच्या ड्रायव्हरने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून मारलं होतं, तेव्हापासून रात्रीच्या कॅब हा विषय किती गंभीर आहे ते इथल्या प्रत्येक एचआरला माहीत आहे. ड्रायव्हर म्हणतात आतला रस्ता खराब आहे, गाडी वळवता येत नाही, रूटला उशीर होतो, आणि बायका बिचाऱ्या कशाला वाद म्हणून उतरून चालायला लागतात. वहिनींना सांगा, तोंडी नको, एचआर आणि ट्रान्सपोर्ट डेस्कला मेल टाकायचा, कोणत्या तारखांना कुठे सोडलं, घर तिथून किती लांब, आणि या कायद्याप्रमाणे दारात ड्रॉप पाहिजे असं साध्या भाषेत लिहायचं. त्या रूटवर अजून कोणी मुली असतील तर मेलमध्ये सगळ्यांची नावं घालायची, एकटीचा मेल पडून राहतो. शेवटचा ड्रॉप बाईचा असेल तर गाडीत गार्ड आहे का तेही त्याच मेलमध्ये विचारा. उत्तर आलं नाही तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते आणि त्यासाठी हाच मेल पुरावा म्हणून लागतो, त्यामुळे त्याची कॉपी पर्सनल आयडीवर घेऊन ठेवा. स्प्रे आजच आणा, पण मेल पण आजच जाऊ द्या, उत्तर येईपर्यंत जे दिवस जातील त्यात तो अंधारा रस्ता आहेच.