शिलाहार शिकवायचे आहेत ना?

प्रिय,

तिसरीच्या वर्गाला शिलाहार कसे शिकवू, हे विचारणारं तुझं पत्र वाचलं आणि सोबतचा फळ्याचा फोटोही पाहिला. कपर्दी पहिला, पुल्लशक्ती, कपर्दी दुसरा, वप्पुवन्न, झंझ, गोग्गि, असं करत थेट सोमेश्वरापर्यंतचा, ठाणे-कोकणच्या शिलाहार राजांचा वंशवृक्ष. अक्षर नेहमीसारखं सुरेख. पण मुलं वर्गात यायच्या आत तो फळा पूस.

वंशावळ ही आपल्यासारख्यांच्या सोयीची गोष्ट. तिसरीतल्या पोराला स्वतःच्या पणजोबांचं नाव सांगता येत नाही, त्याला मुम्मुणीचे आजोबा कोण हे कशाला विचारायचं? तीन नावं पुरेत. झंझ, कारण ते उच्चारतानाच वर्ग हसतो. शिवाय अल् मसूदी नावाचा अरब प्रवासी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला कोकणातल्या चौल बंदरात आला होता. तिथे तेव्हा झंझाचं राज्य होतं आणि मसूदीने त्याचं नाव लिहून ठेवलंय. दुसरं नाव मुम्मुणी, कारण अंबरनाथच्या देवळातला शिलालेख त्याच्या काळातला. आणि तिसरं सोमेश्वर, घराण्यातला शेवटचा राजा. बाकीचे राजे मुलं मोठी झाल्यावर भेटतील किंवा भेटणार नाहीत. काही बिघडत नाही.

काळाचं मात्र सोपं करून द्यावंच लागतं. मुंबईतल्या कुठल्याही मुलाला जुना दगड दाखव, पहिला प्रश्न ठरलेला: ‘बाई, हे शिवाजी महाराजांनी बांधलं?’ त्याला हसू नकोस. त्याच्याकडे इतिहासाची तेवढी एकच खुंटी आहे, तिलाच दोरी बांध. सुतळीचं एक बंडल आण. शंभर वर्षांना एक हात, दर हाताला गाठ. आजपासून मागे मोजत महाराजांच्या जन्मापर्यंत, म्हणजे 1630 पर्यंत, चार हात पुरे होत नाहीत. सोमेश्वराला गाठायला साडेसात हात लागतात, मुम्मुणीच्या देवळाला साडेनऊच्या वर. पहिल्या कपर्दीपर्यंत जाता जाता सुतळी बारा हातांवर, वर्गाच्या दाराबाहेर व्हरांड्यात गेलेली असते. मग कपर्दी ते सोमेश्वर एवढाच तुकडा त्यांना मोजायला लाव. साडेचार हात! महाराजांच्या जन्मापासून आपल्यापर्यंत जेवढा काळ गेला, त्याहून जास्त काळ हे एक घराणं ठाणे-कोकणात टिकलं. हे तू तोंडाने दहादा सांगितलंस तरी कळणार नाही. हातात सुतळी धरलेल्या पोराला आपोआप कळतं.

गणिताचा तासही त्यातच उरकून घे. अंबरनाथच्या लेखात शके 982 आहे. त्यात 78 मिळवले की 1060. हातच्याची बेरीज अशी आनंदाने करणारा वर्ग तुला एरवी मिळायचा नाही.

आता मुख्य मुद्दा. राजा म्हटला की मुलांना लढाई हवी असते आणि आपणही ती पटकन देऊन टाकतो. शिलाहारांच्या बाबतीत तसं करू नकोस, कारण त्यांनी मागे ठेवलेले कागद, म्हणजे ताम्रपट आणि शिलालेख, बहुतेक सगळे दानाचे आहेत. कोणी, कोणाला, काय दिलं, साक्षीला कोण होतं. कान्हेरीच्या लेण्यांत शके 765 चा, म्हणजे 843 चा लेख आहे, पुल्लशक्तीच्या वेळचा. त्यात तिथल्या बौद्ध भिक्षूंसाठी द्रम्म, म्हणजे त्या काळची नाणी, ठेवलेत: पूजेला, विहाराच्या डागडुजीला, वस्त्रांना आणि पुस्तकांना. पुस्तकांना! बाराशे वर्षांपूर्वी आपल्या बोरिवलीच्या डोंगरात कोणीतरी पुस्तकांसाठी वेगळे पैसे काढून ठेवले, यावर थोडा वेळ थांब. मुलं विचारतील पुस्तकं कशाची, छापखाना कुठे होता. विचारू देत. घराणं शिवभक्त आणि दान बुद्धविहाराला, हेही सहज सांगून टाक, त्यावर भाषण नको.

मग त्यांच्याकडून दानपत्र लिहून घे. पुठ्ठ्याचे तीन पत्रे, एका बाजूला भोक, त्यातून तारेची कडी आणि कडीवर मुद्रा. शिलाहारांच्या मुद्रेवर गरुड असायचा, तो पोरं झकास काढतात. शेवटी दान मोडणाऱ्याला शाप. खोडरबर, खिडकीजवळची जागा, डब्यातला अर्धा लाडू, काय वाटेल ते दान निघतं. आणि शाप असे भन्नाट येतात की आवरावं लागतं.

शापावरून आठवलं, गधेगळीचं, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप कोरलेल्या दगडाचं, तू विचारलं होतंस. वरचे चंद्र-सूर्य जरूर दाखव. ते आहेत तोवर हे दान चालू राहो, असा त्याचा अर्थ. खालचं गाढवाचं चित्र मात्र तिसरीसाठी नाही. ती दगडात कोरलेली शिवी आहे, बाईच्या नावाने दिलेली, आणि तिचं स्पष्टीकरण आठ वर्षांच्या मुलाला देण्याची काही गरज नाही. फोटोचा वरचा अर्धा भाग दाखव. यात लपवाछपवी वाटत असेल तर वाटू दे.

घराण्याची मूळकथा सांगायची तर जीमूतवाहनाची सांग, त्याला ते आपला मूळपुरुष मानायचे. नागाचा जीव वाचावा म्हणून तो स्वतः गरुडापुढे बसला. पण सांगताना एक पथ्य पाळ: ‘हे राजे स्वतःबद्दल असं सांगायचे’ असं म्हण, ‘असं घडलं’ म्हणू नकोस. तसंच राजधानीचं. लेखांमध्ये पुरी म्हटलंय आणि ही पुरी नेमकी कुठली यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. काहींच्या मते घारापुरी. हे वर्गात उघड सांग. मोठ्या माणसांनाही न सुटलेलं कोडं आहे म्हटलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात. शिलाहारांची ‘महामंडलेश्वर’ ही पदवी म्हणजे काय हे एका वाक्यात उरकेल: वर्ग तुझा, पण तुझ्यावर मुख्याध्यापक आहेतच ना, तसे शिलाहारांवर सुरुवातीला राष्ट्रकूट सम्राट.

लढाई शेवटी द्यायची. बोरिवलीला एक्सरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, आहेत, त्यांच्यावर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजं कोरलेली. वीरगळ खालून वर वाचायचा, हे आधी सांगू नकोस. चित्रातली गोष्ट सांगायला लाव, गोंधळ होऊ दे, मग कोणीतरी ओरडतंच, ‘बाई, हे उलटं आहे!’ खाली लढाई, मधे पडलेले वीर, वर शिवलिंगाची पूजा. ही लढाई कोणती यावरही मतं आहेत. पुष्कळ जण ती 1265 च्या सुमाराची, सोमेश्वर आणि देवगिरीच्या महादेव यादवाची मानतात. सोमेश्वर समुद्रात बुडाला असं यादवांच्या बाजूने त्यांच्या मंत्र्याने, हेमाद्रीने, लिहून ठेवलंय. यावर ‘मग आपले कोण?’ हा प्रश्न येणार. शिलाहारही इथलेच, यादवही इथलेच, त्यामुळे टाळ्या कोणासाठी वाजवायच्या हे मुलांना कळत नाही. त्यांना तसंच अडकू दे. उत्तर द्यायची घाई तू करू नकोस.

परीक्षेत येणार का, असं पालक विचारतील. नाही म्हणून सांग आणि पुढे चाल.

सहलीला एकच जागा निवड. अंबरनाथला गाभारा मंडपापेक्षा खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं, ते मुलांना फार आवडतं. पण श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीचा आठवडा टाळ, गर्दीत मूल हरवेल. कान्हेरीला जाणार असशील तर डबे पिशवीतच ठेवायला सांग, माकडं हातातून ओढतात. आणि सोमवार तिथेही धरू नकोस, त्या दिवशी बंद असतं.

तुझी,
बाई