गाडी उभी करा, पण आधी बाबांचा हप्ता थांबवा

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४४, बुटीबोरीत नोकरी, हातात पगार ९२ हजार. मुलगी अकरावीत. काका तीन वर्षांपूर्वी वारले, आणि त्यांची सॅन स्टॉर्म ही दोन सीटची, छत उघडणारी गाडी धरमपेठेतल्या घरामागच्या शेडमध्ये बारा वर्षांपासून उभी आहे. काकू म्हणाल्या, "तुलाच हौस आहे, तूच ने." वाडीच्या गॅरेजवाल्यानं गाडी पूर्ण करायला साडेसहा लाख सांगितलेत. पन्नास हजार हाताशी आहेत. उरलेल्या ६ लाखांचं पर्सनल लोन १३ टक्क्यांनी घ्यावं की पीपीएफ मोडावा, एवढाच प्रश्न आहे. "पाच वर्षांत गाडी २० लाखांना जाईल, मुलीचं शिक्षण त्यातच निघेल," असा त्यांचा हिशोब.

पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "घरची चिंता नाही. बाबांचे निवृत्तीचे पैसे बँकेत सुरक्षित आहेत, गेल्या वर्षी मॅनेजरनं एफडीऐवजी विम्यासकट स्कीम करून दिली, दरसाल ५ लाख, पाच वर्षांत दुप्पट."

ही ओळ वाचल्यावर गाडीचं उत्तर मी बाजूला ठेवलं आणि तुमच्याकडून त्या स्कीमचे कागद मागवले. तुम्ही व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवलेत, ते बरं केलंत. आता मी काय पाहिलं ते नीट वाचा.

ती एफडी नाही. ती युलिप आहे, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी. हप्ता दरसाल ५ लाख, आणि हप्ते भरायचे दहा वर्षं. एकूण ५० लाख. बाबांचं वय ७१. वेकोलितून, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा कंपनीतून, निवृत्त झाले तेव्हाचे आणि नंतर साठवलेले मिळून त्यांच्याकडे २४ लाख होते. ज्यांच्याकडे २४ लाख आहेत त्यांना ५० लाख भरायची पॉलिसी विकली गेली. आणि फोटोतलं पहिलंच पान पाहा: विमा बाबांच्या जिवाचा नाहीच, तुमच्या जिवाचा आहे. बाबा फक्त पैसे भरणारे. इतक्या वयात त्यांच्या नावावर ही पॉलिसी निघणं अवघड किंवा फार महाग, म्हणून मुलाला पुढे केलं. "नॉमिनी म्हणून तुमची सही लागते" असं सांगून तुमच्याकडून सही घेतली, आणि दोन दिवसांनी विमा कंपनीचा फोन आला तेव्हा "सगळ्याला हो म्हणा" असं सांगितलं, हे तुम्हीच लिहिलंय. तुमचा दोष मी काढत नाही. शाखेत ओळखीचा माणूस, समोर चहा, बाबांशी आदरानं बोलणं, अशा वेळी चाळीस पानं कोण वाचतो? पण ज्यानं विकली त्याला हे सगळं माहीत होतं, आणि याचा मला संताप येतो. म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्यभराच्या पैशावर कमिशन काढायचं, हा प्रकार नागपुरात मी दर महिन्याला पाहतो.

हे पैसे कुठे चाललेत ते बघा. एक हप्ता गेला, उरले १९ लाख, ते त्याच शाखेत एफडीत आहेत. पुढचा हप्ता पुढच्या महिन्यात आहे. तो गेला की १४, व्याज धरून साधारण १५. तिसरा गेला की १०, व्याजासकट साडेदहा. चौथा गेला की साडेपाच, व्याज मिळून सहाच्या आत. पाचवा गेला की हातात एक लाख. यात बाबांनी व्याजातला एक रुपयाही खर्चायचा नाही, आजारी पडायचं नाही, असं धरलंय. बाबांची पेन्शन १८ हजार. म्हणजे पंचाहत्तरीत त्यांच्याजवळ रोख एक लाख, बाकी सगळं बाजारावर हेलकावे खाणाऱ्या फंडात, आणि विमा कंपनी अजून पाच हप्ते मागतेय.

"दुप्पट" कुठून आलं? कागदांवर ते कुठेच नाही. ४ आणि ८ टक्के परतावा धरून दोन नमुने छापलेत, तेही खात्रीचे नाहीत असं खाली लिहूनच. ८ टक्के मिळाले तरी पाच वर्षांत दुप्पट होत नाही, नऊ वर्षं लागतात. "करमुक्त आहे" हेही खोटं. १ फेब्रुवारी २०२१ नंतर घेतलेल्या युलिपचा वर्षाचा हप्ता अडीच लाखांच्या वर गेला, तर शेवटी मिळणाऱ्या पैशांतल्या नफ्यावर कर लागतो. तुमचा हप्ता त्याच्या दुप्पट आहे.

आता करायचं काय. पहिली गोष्ट, आणि ती या आठवड्यातच: बाबांच्या खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची जी मंजुरी दिली आहे, ती रद्द करा. शाखेत बाबांना घेऊन जा, लेखी अर्ज द्या, पोचवर शिक्का घ्या. समोरचा म्हणेल, "काका, आता थांबलात तर पाच लाख बुडतील." बुडत नाहीत. हप्ता थांबल्यावर युलिपमधून किती कापायचं याला विमा नियामकाची मर्यादा आहे. तुमच्या आकाराच्या हप्त्याला ती पहिल्या वर्षात ६ हजार, दुसऱ्यात ५ हजार, त्याहून जास्त नाही. बाकी रक्कम वेगळ्या फंडात जाते, तिथे किमान ४ टक्के मिळतात, आणि पाच वर्षांची मुदत संपल्यावर परत येते. तुमच्या स्टेटमेंटवर आज ४ लाख ६२ हजार दिसतात. चार वर्षांनी ते सव्वापाच लाखांच्या आसपास होतील. कमी आहे, मान्य. पण ते परत येतात, आणि १९ लाख वाचतात.

दुसरी गोष्ट: तक्रार. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, ती वेळ गेली. तरी चुकीचं सांगून विकली म्हणून पहिला हप्ताही परत मागायचा हक्क आहे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला बाबांच्या सहीचं साधं पत्र लिहा: वय, पेन्शन, जवळ किती पैसे होते, काय सांगून विकलं, कोणत्या तारखेला. अलंकारिक भाषा नको. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. नागपूरची प्रकरणं पुण्याच्या कार्यालयात जातात. फी लागत नाही, वकील लागत नाही. व्हॉट्सअॅपवर "दुप्पट" लिहिलेला मॅनेजरचा मेसेज तुमच्याकडे अजून आहे, तो पुसू नका. तुमच्या प्रकरणात तोच सर्वांत मोठा पुरावा आहे.

तिसरी गोष्ट: त्या १९ लाखांतले १५ लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. मर्यादा ३० लाखांची आहे, सध्याचा दर ८.२ टक्के, आणि खातं उघडल्यावर पाच वर्षं तोच दर राहतो. दर तिमाहीला बाबांच्या खात्यात ३० हजार ७५० येतील. म्हणजे महिन्याला दहा हजारांहून थोडे जास्त, पेन्शनवर. उरलेले ४ लाख एफडीत, दवाखान्यासाठी, सहज हाताशी येतील असे.

आणखी एक. त्या पॉलिसीत तुमच्या नावावर ५० लाखांचं विमाकवच आहे आणि त्याशिवाय तुमचा एकही टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास घरच्यांना पैसे देणारा विमा, नाही, हेही पत्रात अप्रत्यक्षपणे आलंच. घरात कमावणारे प्रामुख्यानं तुम्ही, मुलगी अकरावीत, गृहकर्ज अजून आठ वर्षं. मंजुरी याच आठवड्यात रद्द करा, पण पुढच्या हप्त्याची तारीख येण्याआधी स्वतःसाठी एक कोटीचा साधा टर्म प्लॅन घ्या. तुमच्या वयाला वर्षाला पंचवीस-तीस हजारांच्या घरात बसेल. परत काही मिळत नाही म्हणून लोक तो टाळतात, आणि मग ५ लाखांच्या हप्त्यात विमा शोधतात.

आता गाडी. २० लाख व्हायला साडेसहा लाखांना दरसाल २५ टक्के वाढ लागते, तीही सलग पाच वर्षं. कशाच्या जोरावर? जुन्या गाडीला भाव येतो तो मागणी असते म्हणून. आणि ही गाडी कोणाला हवी आहे याचं खरं उत्तर "तुम्हाला" हेच आहे. बंगळुरूच्या सॅन मोटर्सनं ती १९९८ मध्ये आणली. फायबरची बॉडी, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद ६० बीएचपी. तेव्हा आपल्या रस्त्यांवर मारुती ८०० ची रांग असायची, आणि त्यात ही बुटकी, उघडी गाडी दिसली की माणसं सायकल थांबवून बघायची. मी वर्धा रोडवर पाहिली होती, लाल रंगाची. म्हणून सांगतो, गाडी चांगली आहे, तिला कमी लेखलं गेलं, आणि तुमची हौस मला कळते. पण हौसेला गुंतवणूक म्हणू नका. कर्जाचा हप्ता महिन्याला साडेतेरा हजार बसतो, पाच वर्षांत एकूण ८ लाख २० हजार जातात. शिवाय मुलीची फी दोन वर्षांत सुरू होते आणि तुमची गाडी पाच वर्षांनी विकायची आहे. मधल्या तीन वर्षांचे पैसे कुठून येणार? पीपीएफला हात लावू नका, तोच मुलीचा आधार आहे.

त्याहून आधीचा प्रश्न: गाडी तुमची आहे का? आरसी, म्हणजे नोंदणीपत्र, अजून काकांच्या नावावर, मुदत संपलेली. काकूंनी "ने" म्हटलं म्हणजे मालकी झाली नाही. वारसाहक्कानं गाडी नावावर करायला फॉर्म ३१ असतो, काकू आणि दोन्ही चुलत भावंडांची लेखी संमती लागेल, आणि आरटीओ मृत्यूचा दाखला मागेल. नंतर नोंदणीचं नूतनीकरण: वीस वर्षांवरच्या कारसाठी फी १० हजार, वर पर्यावरण कर, उशिराचा दंड, नवी नंबरप्लेट. "व्हिंटेजमध्ये घेऊ" हा तुमचा विचार सोडा. २०२१ च्या त्या नियमाला गाडी ५० वर्षांची लागते, तुमची पंचविशीत आहे. सगळं नावावर होईपर्यंत एक स्क्रूही विकत घेऊ नका. तुम्ही साडेसहा लाख घालाल आणि उद्या एखाद्या भावाला आपला वाटा आठवेल.

कोटेशन बघितलं. बॉडी आणि रंग २ लाख ६० हजार, इंजिन १ लाख ४० हजार, छत आणि सीट १ लाख १० हजार, टायर-ब्रेक-सस्पेन्शन ९० हजार, किरकोळ ५० हजार. गॅरेजवाल्यानं रंग सगळ्यांत वर लिहिलाय, कारण त्यात त्याचा नफा. क्रम उलटा करा. फायबरला गंज लागत नाही म्हणून सगळे निर्धास्त असतात, पण खालची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, लोखंडाची आहे. गाडी उचलून तिच्यावर हातोडीची मूठ आपटत फिरा. टणटण आवाज आला तर ठीक, भदभद आला तर थांबा. चासीच खाल्लेली निघाली तर साडेसहाचे दहा लाख होतील, आणि तेव्हा मन घट्ट करून नको म्हणा.

चासी बरी निघाली तर महिन्याला १२ हजार बाजूला काढा, टर्मचा हप्ता आणि मुलीची एसआयपी गेल्यावर उरतील त्यातून. पहिल्या वर्षी ब्रेक, पेट्रोलच्या नळ्या, रबर. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. शेवटचे दोन पंधराच्या आत असतील तर नक्षी कितीही खोल असो, बदला. समृद्धीवरून शिर्डीला जायचं स्वप्न लिहिलंय तुम्ही. जुन्या टायरवर मे महिन्यात ते काँक्रीट नको. दुसऱ्या वर्षी इंजिन. ते क्लिओ आणि ट्विंगोत होतं, त्यामुळे आतले भाग युरोपातून मागवता येतात, कस्टम ड्यूटी धरून हिशोब करा. काच, दिवे, छताचे बिजागर मात्र मिळणार नाहीत, घडवावे लागतील, आणि कोटेशन तिथेच फुगतं. रंग सर्वांत शेवटी, तिसऱ्या-चौथ्या वर्षी. तोवर मुलीची पहिली फी भरून झाली असेल.

तुमच्या पुतण्यानं रविवारी "बॅटरी लावून एकदा सेल्फ मारू" म्हटलंय, तर अजिबात मारू देऊ नका. बारा वर्षांचा टायमिंग बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकण्याची भीती आहे आणि दीड लाखाचं इंजिन तीन लाखांचं होईल. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, बॅटरी सोडा, शेडच्या पत्र्याला भोक असेल तर बुजवा. सोमवारी सकाळी बाबांना घेऊन शाखेत जा आणि शिक्का मारलेल्या पोचचा फोटो मला पाठवा.