तक्रारीला हद्द नाही, राजीला मात्र आहे

ताई, सासर महाराष्ट्रात चंदगड तालुक्यात, माहेर कर्नाटकात खानापूरला, आणि घरातल्या मारहाणीची तक्रार घ्यायला दोन्हीकडचे पोलीस "आमची हद्द नाही" म्हणतात, हे तुमचं वाचून राहवलं नाही. माझं सासर गडहिंग्लजकडं, माहेर बेळगावजवळ. हाच खेळ माझ्याशीही झालाय. ११२ (पोलीस), १८१ (महिला हेल्पलाइन), दवाखान्याचे कागद हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेलच, ते सोडते.

एका ठाण्यात (नाव घेत नाही) माझी तक्रार घ्यायला हद्द नव्हती. पण त्याच साहेबांनी लगेच नवऱ्याला फोन लावून सीमेपलीकडनं बोलावून घेतलं, दोन वडीलधारे बसवले आणि 'राजी', म्हणजे समेट, केली. तेव्हा हद्द कुठं गेली कोण जाणे! कन्नडमध्ये कागद झाला. वाचून कुणी दाखवला नाही. "नांदायला जाते म्हणून लिहिलंय, सही कर बाई," एवढंच. पुढं कोर्टात त्यांच्या वकिलानं तोच कागद काढला. किरकोळ भांडण, मारहाण नाही, माझी काही तक्रार नाही, असं त्यात होतं. हाताला टाके पडलेल्या बाईची तक्रार नाही म्हणे! तो एक कागद खोडून काढण्यात जेवढा वेळ आणि पैसा गेला, तेवढा बाकीच्या खटल्यात गेला नाही.

म्हणून माझं मत: ठाण्यात हद्दीवरून वाद घालत बसू नका, सरळ कोर्टात जा. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कलम २७ बघा. बाई तात्पुरती जरी राहत असली तरी तिथल्या मॅजिस्ट्रेटकडं अर्ज चालतो, आणि त्यांचा आदेश देशभर लागू होतो, म्हणजे चंदगडातही. खर्चाचे पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा, घरात राहायचा हक्क, सगळं त्याच अर्जात मागता येतं. या कायद्याखाली बाईला मदत करायला नेमलेले संरक्षण अधिकारी आपल्याकडं कर्नाटकात म्हणजे सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी), अंगणवाड्यांच्या कामात बुडालेले. त्यांच्यासाठी थांबू नका, कलम १२ खाली बाई स्वतः अर्ज करू शकते. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मागा, बायकांना उत्पन्नाची अट नाही.

गुन्हाच नोंदवायचा असला तरी हद्द ही सबब चालत नाही. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवून मग योग्य ठाण्याकडं पाठवायची तक्रार, कुठल्याही ठाण्यात होते. माहेरी आसरा घेतलेल्या बाईला ४९८अ ची (नवरा-सासरच्यांनी केलेल्या छळाची) तक्रार तिथंच करता येते, असं सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये रूपाली देवी खटल्यात सांगितलंय. (१ जुलै २०२४ पासूनच्या छळाला त्याऐवजी नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम ८५.) तरी ऐकत नसतील तर तक्रार लिहून पोस्टानं एस.पी.ना (जिल्हा पोलीस अधीक्षकांना) पाठवा, पावती जपा. तुम्हाला एस.पी., बेळगाव शहरवाल्यांना कमिशनर.

एफआयआर वाचून दाखवणं आणि प्रत फुकट देणं कायद्यातच आहे. तरी कन्नड वाचणारं कुणीतरी बरोबर न्या, शेजारची कॉलेजातली पोरगीसुद्धा चालेल. सीमाप्रश्नवाल्या पुढाऱ्याला मात्र नेऊ नका, तुमचा मार बाजूला राहतो आणि भाषेचं भांडण सुरू होतं.

मी वकील नाही, हे माझ्या अनुभवावरून. तुमच्या कागदांत काय आहे ते वकिलाला दाखवूनच ठरवा.

आणि हो, लग्नानंतर आधारवर सासरचा, म्हणजे महाराष्ट्रातला, पत्ता घातला असेल तर कर्नाटकातल्या बायकांसाठीच्या शक्ती योजनेचं एसटीचं फुकट तिकीट मिळत नाही, कोर्टाच्या तारखांचं बसभाडं धरून ठेवा. जमलं तर माहेरचा पत्ता करून घ्या. खानापुरात राहता हे कोर्टात दाखवायलाही तो उपयोगी पडेल.