माऊस कुणाच्या हातात?

प्रश्न : मुलगी साडेसहा वर्षांची, दुसरीत आहे. ऑनलाइन कोडिंग क्लासच्या डेमोत तिने अर्ध्या तासात ‘अ‍ॅप’ बनवलं, लगेच प्रमाणपत्रही आलं. १०० तासिकांचे मूळ १ लाख रुपये, पण आजच ठरवलं तर ६० हजार, तेही ईएमआयवर. घ्यावा का?
(एक आई, चिंचवड)

आज तर नाहीच. अर्ध्या तासात होणारं अ‍ॅप बहुतेकदा आधीच तयार असतं. ‘आता निळा घे, इथे ठेव’ असं शिक्षक सांगतात आणि मूल शेवटचे दोन-तीन ब्लॉक, म्हणजे एकमेकांना जोडायचे आज्ञांचे रंगीत तुकडे, ओढतं. दुसरा डेमो मागा. झालेल्या प्रोग्रॅममधली एक गोष्ट, समजा चेंडूचा वेग, मुलीला स्वतः बदलू द्या असं शिक्षकांना सांगा आणि पाच मिनिटं कुणीही बोलू नका. या पाच मिनिटांत माऊस तिच्याच हातात राहिला, तर शिक्षक चांगले.

तिच्या वयाला स्क्रॅचज्युनिअर हे लहान मुलांचं कोडिंगचं अ‍ॅप पुरेसं आहे. ते फुकट आहे, टॅबवर चालतं, ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठीच बनवलेलं आहे आणि ब्लॉकवर अक्षरांऐवजी चित्रं आहेत. पडद्यावर चौकटींची जाळी आणा, एका टोकाला झाड ठेवा आणि ‘मांजर झाडापाशी नेऊन उडी मारायला लाव’ म्हणा. ती ५ आकडा टाकेल, मांजर अलीकडेच थांबेल, मग बोटाने चौकटी मोजून ७ करेल. या वयाचं कोडिंग ते एवढंच, आणि ते कमी नाही. हिरवा झेंडा दाबूनही काही हललं नाही, तर झेंड्याचा ब्लॉक ओळीच्या सुरुवातीला लावायचा राहिलाय. चूक तिलाच शोधू द्या.

आता पैशांचं. आठवड्याला २ तासिका धरल्या तर १०० तासिका म्हणजे ५० आठवडे. सहामाही, सुट्ट्या, आजारपण धरून वर्ष उलटतंच. ४० तासिकांनंतर सोडलंत तर झालेल्या तासिका कोणत्या दराने कापणार, हे लेखी घ्या. सवलतीच्या ६०० रुपयांनी कापल्या तर ३६ हजार परत मिळतील, ‘मूळ’ १,००० रुपयांनी कापल्या तर फक्त २० हजार. आणि ईएमआय म्हणजे बहुधा वेगळ्याच वित्तसंस्थेकडून घेतलेलं कर्ज. क्लास बंद केला म्हणून हप्ता आपोआप थांबत नाही, त्यामुळे फोनवर बोलताबोलता ओटीपी देऊ नका. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयानेही पालकांना ऑटो-डेबिट टाळायला सांगितलं होतं. पैसे अडकलेच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा. वर्षभर स्क्रॅचच्या (ब्लॉक जोडून कोडिंग करायच्या) क्लासला जातोय, पण घरी कोरा पडदा उघडला की गप्प बसतो. क्लासवाले म्हणतात, आता पायथन (आज्ञा टाइप करून लिहायची भाषा) सुरू करा. करावं का?
(एक वडील, नाशिक)

कोऱ्या पडद्यासमोर गप्प बसणारा मुलगा पायथनमध्ये आणखी गप्प बसेल. तिथे तर कोलन विसरला किंवा ओळीच्या सुरुवातीची जागा चुकली तरी प्रोग्रॅम अडतो. आधी त्याला स्क्रॅचमध्ये काय येतं ते बघा.

पडद्यावरच्या मांजराकडून चौरस काढून घ्यायला सांगा : चार वेळा १०० पावलं पुढे, ९० अंश वळण. जमलं की त्रिकोण. बहुतेक मुलं ६० अंश टाकतात, कारण त्रिकोणाचा कोन ६०; आणि पडद्यावर अर्धा षटकोन उमटतो! मांजर आतल्या कोनातून नाही, बाहेरून वळतं, म्हणून १८० वजा ६०, म्हणजे १२०. वहीवर रेघा काढून किंवा खोलीत स्वतः चालून त्याला हे सापडलं, तर वर्ष वाया गेलं नाही.

मग त्याचाच एखादा खेळ उघडा. दुसऱ्यांदा खेळताना गुण शून्यावरून सुरू होत नसतील, तर झेंड्याखाली गुण ० करायचा ब्लॉक राहिलाय. सफरचंदाला हात लावूनही गुण वाढत नसतील, तर ‘इफ’ (‘जर’ची तपासणी) बहुधा ‘फॉरएव्हर’च्या (सतत चालणाऱ्या ब्लॉकच्या) बाहेर आहे; झेंडा दाबताच एकदाच तपासणी होते आणि संपते. या दोन चुका तो स्वतः शोधतोय का, हे क्लासला विचारा. ‘किती प्रोजेक्ट झाले’ या आकड्याला काही अर्थ नाही.

एक बारीक गोष्ट. स्क्रॅचच्या पडद्याचा मध्य ०, डावी कड उणे २४०. ऋण संख्या आपल्याकडे सहावीत येतात, म्हणून दहा वर्षांचं मूल इथे अडखळतं आणि ‘याला कोडिंग जमत नाही’ असा शिक्का बसतो. लिफ्टमधलं तळघराचं ‘-१’ बटण दाखवलंत की काम झालं.

प्रश्न : कोडिंग शाळेत येणारच असेल तर आत्ता शिकवायची गरज आहे का?
(एक आजोबा, सांगली)

नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात कोडिंग सहावी ते आठवीच्या टप्प्यावर आहे. आवड असेल तर शिकू द्या, मागे पडेल म्हणून नको.

प्रश्न : घरी फक्त मोबाईल. गावातल्या सेंटरवर सुट्टीत स्क्रॅचचा वर्ग आहे, पण एका कॉम्प्युटरला तीन मुलं. चालेल का?
(एक पालक, लातूर)

दोन चालतील, तिसरं नुसतं बघत बसतं. दर दहा मिनिटांनी माऊस दुसऱ्याच्या हातात देणार का, ते विचारा. ज्याच्या हातात माऊस त्याने ब्लॉक ओढायचे, दुसऱ्याने तोंडी सांगायचं. नेट जात असेल तर स्क्रॅच आधी उतरवून ठेवता येतं, मग नेटशिवाय चालतं. पण अशा वेळी काम त्या कॉम्प्युटरवरच राहतं आणि पुढच्या बॅचच्या मुलांकडून सहज पुसलं जातं. दर शनिवारी फाइल पेनड्राइव्हवर घ्यायला लावा, नावात तारीख घाला.